रजिस्टर टपालाचं ऋण

दुभाषाचं काम करून मी पोट भरते. पुणे, चाकण, कोल्हापूरकडचे कारखानदार एका बाजूला, तैवानचे यंत्रं बनवणारे दुसऱ्या बाजूला आणि मध्ये मी. या कामात मला जे काही थोडंफार उमगलं आणि त्याच्या आधाराने माझ्या माहेरच्या घरातली एक जुनी गाठ जराशी सैल झाली, ते ज्यांच्यामुळे घडलं त्या कू चेन-फू यांना मी कधी पाहिलं नाही. माझं नाव त्यांच्या कानावर जाण्याचं काही कारणच नव्हतं. ते तैवानच्या अतिश्रीमंत घराण्यांपैकी एकात जन्मले, मी कागल तालुक्यातल्या उसाच्या शेतावर जगणाऱ्या घरात. तरी ऋण आहे आणि ते लिहून ठेवावं असं बरीच वर्षं मनात आहे.

जानेवारी २००५ मध्ये मी तैपेईत चिनी भाषा शिकत होते. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून गेले होते. कॉम्प्युटरचे सुटे भाग तिथे बनतात आणि चीन त्या बेटावर हक्क सांगतो, यापलीकडे तैवानबद्दल मला काही माहीत नव्हतं. ३ जानेवारीला कू चेन-फू वारले. वय ८७. वर्तमानपत्रं त्यांच्या फोटोंनी भरून गेली. आमच्या बाईंनी ती वर्गात आणून आम्हाला वाचायला दिली. मला दर ओळीत शब्द अडत होते. जेवढं लागलं त्यावरून मी मनाशी ठरवून टाकलं की हा बड्या बापाचा मुलगा असणार. सिमेंट कंपनी, बँक, सरकारदरबारी वजन. अशी घराणी आपल्याकडेही असतात, कुठलंही राज्य आलं तरी ती वरच राहतात, आणि त्यांच्यातलं कुणी गेलं की पानं भरून येतात. मला त्यात शिकण्यासारखं काही दिसलं नाही.

बाई सहसा स्वतःविषयी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. त्यांचे वडील शांतुंग प्रांतातले. १९४९ मध्ये चँग कै-शेक यांच्या फौजेबरोबर शिपाई म्हणून बेटावर आले. आई आणि धाकटा भाऊ गावीच राहिले. त्यानंतर सरळ पत्र जायला-यायला वाट नव्हती. नोव्हेंबर १९८७ मध्ये तैवानच्या सरकारने नातलगांना भेटायला जाण्याची परवानगी दिली तेव्हा ते गेले. आई केव्हाच वारली होती, भाऊ म्हातारा झाला होता. पुढे वडील इकडे वारले आणि त्यांच्या शिलकीतला थोडा हिस्सा त्या भावाला द्यायचा होता. आता हा माणूस त्यांचा सख्खा भाऊ आहे हे तैवानच्या कोर्टात कसं सिद्ध करायचं? तिकडच्या नोटरीचा दाखला होता. पण तो खरा की बनावट, हे विचारायचं कुणाला? दोन्ही सरकारं एकमेकांना मानत नव्हती. एकमेकांकडे वकिलात नाही, कचेरी नाही, पत्र घालायला पत्ता नाही. “ते काम कू साहेबांनी केलं,” बाई म्हणाल्या आणि पुढचा उतारा वाचायला सांगितला.

मी तो उतारा डिक्शनरी घेऊन रात्री पुन्हा वाचला. एप्रिल १९९३, सिंगापूर. २७ ते २९ तारखांना कू चेन-फू आणि चीनच्या बाजूने वांग ताओ-हान समोरासमोर बसले. एक ७५ वर्षांचे, दुसरे ७८ वर्षांचे. १९४९ नंतर तैवान आणि चीन या दोन्ही किनाऱ्यांची इतक्या वरच्या पातळीवरची ती पहिली बैठक. सरकारांना बोलता येत नव्हतं म्हणून दोन्हीकडे कागदोपत्री खासगी अशा संस्था उभारल्या होत्या. तैवानच्या संस्थेचे, स्ट्रेट्स एक्स्चेंज फाउंडेशनचे, कू हे पहिले अध्यक्ष, आणि मरेपर्यंत तेच अध्यक्ष. या बैठकीत चार करार झाले. ते कशाबद्दल असतील? मला वाटलं, युद्ध, क्षेपणास्त्रं, बेट कुणाचं याबद्दल. पाहते तर एक करार नोटरीचे दाखले तपासण्याबद्दल. दुसरा रजिस्टर टपाल हरवलं तर चौकशी आणि भरपाई कशी करायची याबद्दल. तिसरा दोन्ही संस्थांनी पुन्हा केव्हा आणि कसं भेटायचं याबद्दल. चौथ्यात पुढे कुठले विषय बोलायचे त्यांची नोंद. एवढंच? टपालासाठी ही दोन म्हातारी माणसं सिंगापूरला गेली? मला ते फार किरकोळ वाटलं. ते किरकोळ नव्हतं हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. त्या वर्षी मी फक्त वाचत गेले, बाईंना विचारत गेले.

२ फेब्रुवारीला त्यांचा अंत्यविधी झाला. वांग ताओ-हान स्वतः येऊ शकले नाहीत, पण त्यांच्या वतीने बीजिंगहून दोन प्रतिनिधी तैपेईत आले. त्या काळात दोन्ही बाजूंचं बोलणं बंद होतं, तरी एका मयताला माणसं आली. हे मी टीव्हीवर पाहिलं. कुणाच्या मयताला कोण आलं आणि कोण आलं नाही, यावरून आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या हिशेब चालतात. त्यामुळे त्या येण्याचं वजन मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

चिनी नववर्षाच्या सुट्टीत मी लुकांगला गेले. पश्चिम किनाऱ्यावरचं ते जुनं बंदराचं गाव. तिथे कू घराण्याचा वाडा आहे, युरोपीय धाटणीचा, दोन्ही बाजूंना घुमट असलेला. आता तिथे लोककलांचं आणि जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे. कू चेन-फू यांचे वडील कू श्येन-रोंग इथले. १८९५ मध्ये चीनने तैवान जपानला देऊन टाकलं, तैपेईत लूटमार सुरू झाली, तेव्हा हे श्येन-रोंग पुढे जाऊन जपानी फौजेला भेटले आणि त्यांना शहरात यायला सांगितलं. त्या सेवेच्या बदल्यात जपान्यांनी त्यांना मीठ, कापूर, तंबाखू यांच्या धंद्यातले हक्क दिले. घर श्रीमंत झालं. १९३४ मध्ये ते जपानच्या वरिष्ठ सभागृहात गेले, तिथे बसणारे पहिले तैवानी. शहर वाचवणारा की शत्रूला दार उघडणारा, यावर तिथे अजून वाद आहे. वाड्याच्या दारात मला भेटलेले एक आजोबा त्या नावाबद्दल बरं बोलले नाहीत. मला त्यात न्यायनिवाडा करायचा नाही आणि तो माझा अधिकारही नाही. पण असं नाव पाठीवर घेऊन कू चेन-फू जगले, ही गोष्ट माझ्या मनात तिथे रुजली. माणसाला वारशात पैसा मिळतो तसा लोकांचा रोषही मिळतो. कू यांनी दोन्ही घेतले. बापाची बाजू मांडण्यात किंवा बापाला नाकारण्यात त्यांनी आयुष्य घालवलं नाही.

वडील १९३७ मध्ये वारले तेव्हा कू चेन-फू २० वर्षांचे होते, तैपेईच्या तेव्हाच्या जपानी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकत होते. शिकता शिकताच घरच्या कंपन्यांची जबाबदारी अंगावर पडली. १९४० मध्ये पदवी घेतली, पुढे काही काळ जपानमध्ये राहिले. इथपर्यंतचं आयुष्य श्रीमंताच्या हुशार मुलाचं. १९४५ मध्ये जपान हरला आणि सगळं फिरलं. जपानी अधिकाऱ्यांना हाताशी धरून तैवान स्वतंत्र करण्याचा कट केला, असा त्यांच्यावर आणि आणखी काही जणांवर आरोप आला. १९४६ मध्ये अटक झाली, पुढच्या वर्षी दोन वर्षं दोन महिन्यांची शिक्षा. तुरुंगातून सुटल्यावर ते हाँगकाँगला गेले. तैवानला परतले तेव्हा ज्या सरकारने त्यांना कैदेत टाकलं होतं, त्याच सरकारच्या राज्यात त्यांना जगायचं होतं. पुढे त्याच सरकारच्या सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीत ते बसले. याला कोणी संधिसाधूपणा म्हणेल, आणि तसं म्हणणारे तैवानमध्ये आहेत. सत्तेच्या जवळ राहून त्यांच्या उद्योगाला बळ मिळालं हे खरं आहे. मी त्यांच्याकडे ऋणी माणसाच्या नजरेने पाहते, तरी हे झाकून ठेवावंसं वाटत नाही.

त्यांच्या आयुष्यातला जो भाग माझ्या काळजाला भिडला तो जमिनीचा. आमच्या आजोबांना शेत मिळालं ते कुळकायद्याने. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन आमच्या घरात सणासारखा सांगितला जायचा. जमीनदार म्हणजे ज्याच्याकडून जमीन सुटली तो, एवढीच त्याची ओळख. ज्याची जमीन गेली तो दुसऱ्या दिवशी काय करतो, हा विचार मला कधी शिवलाच नव्हता. तैवानमध्ये १९५३ मध्ये कसेल त्याची जमीन हा कायदा आला. मध्यम प्रतीची भातजमीन असेल तर जमीनदाराने सुमारे तीन हेक्टर ठेवायची, बाकीची सरकारने विकत घेऊन कुळांना द्यायची. मोबदल्यातला ७० टक्के भाग रोख्यांच्या रूपात, आणि ते रोखे भात-रताळ्यांच्या भावाला जोडलेले. उरलेला ३० टक्के भाग चार सरकारी कंपन्यांच्या शेअर्समध्ये : सिमेंट, कागद, खाणी-उद्योग आणि शेती-जंगल. जपान्यांकडून सरकारच्या ताब्यात आलेले हे कारखाने होते.

ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फक्त भाताचा खंड मोजून घेतला त्यांच्या हातात शेअरचे कागद आले. अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. मिळेल त्या भावाला त्यांनी ते विकून टाकले. कू घराणंही मोठं जमीनदार. त्यांचीही जमीन गेली. पण कू चेन-फू यांनी या चार कंपन्या खासगी हातांत सोपवण्याच्या कामात सरकारला मदत केली आणि स्वतः सिमेंटकडे वळले. १९५४ मध्ये तैवान सिमेंट खासगी झाली. ते तिथे वरच्या हुद्द्यावर काम करत राहिले आणि १९७३ मध्ये अध्यक्ष झाले. बेटावर रस्ते, धरणं, कारखाने, शाळा उभ्या राहत होत्या आणि त्या सगळ्याला सिमेंट लागत होतं. दरम्यान १९६१ मध्ये तैवानचा शेअर बाजार स्थापन झाला, त्याचेही पहिले अध्यक्ष तेच. ९ फेब्रुवारी १९६२ पासून व्यवहार सुरू झाले. तैवान सिमेंटचा तिथला क्रमांक ११०१, आजही तोच आहे. लोकांनी अविश्वासाने विकून टाकलेल्या कागदांना रोज उघड भाव मिळेल अशी जागा उभी करण्यात त्यांचा हात होता. १९६६ मध्ये पुतण्या जेफ्री कू यांच्याबरोबर त्यांनी गुंतवणुकीची एक कंपनी काढली, तीच पुढे चायनाट्रस्ट बँक झाली.

हे सगळं मी शिष्यवृत्तीच्या त्या वर्षात थोडं थोडं वाचलं. माझ्यावर त्याचा पहिला परिणाम साधाच होता. आमच्याकडे जमिनीवाचून माणसाला किंमत नाही, असं मी ऐकत वाढले होते. मुलीला तर जमीन नाहीच. मग तिचं काय? हातातली जमीन गेल्यावर, तुरुंग भोगल्यावर, नाव काळवंडल्यावरही माणूस नवं काम शिकू शकतो, हे त्यांच्या आयुष्याने मला दाखवलं. शिकलेली भाषा हेच माझं वावर, असं मी तेव्हा ठरवलं. परत येऊन शाळेत नोकरी धरायचा घरच्यांचा आग्रह होता. मी दुभाषाचं काम धरलं.

त्याच वसंतात तैपेईतल्या ‘नॉव्हेल हॉल’ या नाट्यगृहात विद्यार्थ्यांच्या स्वस्त तिकिटावर पीकिंग ऑपेरा पाहिला. हे नाट्यगृह कू कुटुंबाने १९९७ मध्ये बांधलं. वडिलांचं याच नावाचं जुनं नाट्यगृह १९४५ च्या बाँबवर्षावात नष्ट झालं होतं. कू चेन-फू स्वतः पीकिंग ऑपेरा गायचे, पोक्त पुरुषाची भूमिका करायचे. वांग ताओ-हान यांनाही त्याच कलेची गोडी. १९९८ मध्ये कू शांघायला गेले तेव्हा दोघांनी शेजारी बसून ऑपेरा पाहिला. मला त्या दिवशी रंगमंचावरचं फारसं कळलं नाही. पण वाद सुटलेला नसतानाही दोन माणसांना एकाच गाण्यावर मान डोलावता येते, ही गोष्ट मी तिथून घेऊन आले.

पुढची काही वर्षं कामात गेली. तैचुंगच्या आसपास यंत्रं बनवणारे शेकडो छोटे-मोठे कारखाने आहेत आणि आपल्याकडचे फाउंड्रीवाले, सुटे भाग बनवणारे त्यांच्याकडून लेथ आणि मिलिंग मशिनं घेतात. सुरुवातीला माझी समजूत अशी की दुभाषाने शब्दाला शब्द द्यावा आणि बाजूला व्हावं. एकदा कोल्हापूरकडच्या एका कारखानदाराबरोबर मी तिथे गेले होते. मशिनवर तयार होणारा माल मापात येत नव्हता. आमचे म्हणत होते, स्पिंडल खराब. ते म्हणत होते, तुम्ही पायाच नीट घातला नाही. सकाळपासून तेच. मी दोन्हीकडचा राग प्रामाणिकपणे इकडून तिकडे नेत होते आणि दर फेरीला तो वाढत होता.

दुपारी त्या कारखान्याचे जुने मालक आले. ऐंशीच्या घरातले, मुलाच्या हाती कारभार सोपवलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, चूक कुणाची हे आज बाजूला ठेवू. ते सोडून काय काय ठरू शकतं? मग एकेक निघत गेलं. दोन्हीकडच्यांनी एकाच मापयंत्रावर, एकाच दिवशी, मिळून माप घ्यायचं. तंत्रज्ञाने कोल्हापूरला केव्हा यायचं. सुटा भाग आधी विमानाने पाठवायचा, पैशाचा हिशेब मागाहून. संध्याकाळपर्यंत कागद तयार झाला. त्यात चुकीचा उल्लेखच नव्हता. चहा पिताना मी त्यांना म्हटलं की आज मी खूप शिकले. ते म्हणाले, “यात माझं काही नाही. कू साहेबांनी टपालापासून सुरुवात केली होती.”

त्या क्षणी मला बाईंचा वर्ग आठवला आणि सिंगापूरचे ते चार करार पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजले. मुक्कामावर परतल्यावर मी पुन्हा वाचायला बसले. आता मला दाखल्यांच्या तपासणीची रीत दिसली. चीनच्या मुख्य भूमीवरच्या नोटरीने दाखला दिला की त्याची एक प्रत तिकडच्या नोटरींच्या संघटनेकडून कू यांच्या संस्थेकडे यायची. तैवानमध्ये ज्याने मूळ दाखला आणला असेल त्याचा कागद त्या प्रतीशी ताडून पाहायचा. जुळला की खरा. वारसा, दत्तक, लग्न, जन्म, मृत्यू असे कागद या वाटेने जाऊ लागले. यात कुठल्याही सरकारने दुसऱ्याला मानलेलं नाही. बोलणी बिनसरकारी, व्यावहारिक आणि कामापुरती आहेत, हे दोन्ही बाजूंनी आधीच स्पष्ट केलं होतं. त्यामुळे सही केली म्हणून कुणी कुणाचा दावा मान्य केला असं होत नव्हतं. बेट कुणाचं हा प्रश्न जसाच्या तसा राहिला आणि बाईंच्या काकाला त्याचा हिस्सा मिळाला. एवढं बारीक काम करायला माणसात केवढा धीर हवा! त्यांच्या जागी दुसरा कुणी मोठ्या घरातला माणूस असता तर त्याने मोठा प्रश्नच हातात घेतला असता, निदान त्यावर भाषण तरी केलं असतं, असं मला वाटतं.

आता घरचं सांगायला हवं. ते सांगायला संकोच वाटतो, पण त्याशिवाय हे ऋण पूर्ण सांगता येणार नाही.

माझे वडील आप्पा आणि त्यांचे थोरले भाऊ तात्या यांच्यात वाटणीवरून दावा आहे. मी शाळेत होते तेव्हापासून. दोन घरं एका भिंतीला लागून, पण उंबरा ओलांडलेला नाही. लग्नाच्या पत्रिका पोस्टाने यायच्या. विहीर सामाईक, मोटारीचं कनेक्शन आजोबांच्या नावावर. बिल कुणी भरायचं? एकाने भरलं तर दुसऱ्याचा ऊस फुकट भिजतो. म्हणून कुणीच भरेना. थकबाकी साठली आणि कनेक्शन तुटलं. ऐन उन्हाळ्यात दोन्हीकडचा ऊस वाळायला लागला. मी सुट्टीला गेले तेव्हा आप्पा बांधावर बसून होते.

मी म्हटलं, तात्यांशी बोलू का? आप्पा एकदम भडकले. “तू लेक हाईस. भाऊबंदकीत लेकीनं पडू नये. आणि जमिनीचं तर बोलूच नको.”

“जमिनीचं मी काय बोलत न्हाई, आप्पा. बिलाचं बोलते.”

हे वाक्य माझं नव्हतं. ते मी तैचुंगच्या त्या म्हाताऱ्या मालकांकडून घेतलं होतं, आणि त्यांनी ते कू यांच्याकडून.

तात्यांकडे गेले तर त्यांनी पहिल्यांदा बसायलाही सांगितलं नाही. काकूंनी पाणी दिलं. तात्यांना शंका होती की सही केली की उद्या कोर्टात आप्पाचा वकील ती दाखवणार. अगदी हीच शंका आप्पांना होती. मग तालुक्याच्या एका वकिलांकडून पहिलं कलम असं लिहून घेतलं की या कागदाचा चालू दाव्याशी काहीही संबंध नाही आणि याने कुणाचाही हक्क कमी किंवा जास्त होत नाही. पुढची कलमं साधी. थकबाकी निम्मी निम्मी. पाण्याची पाळी आठवड्याने, कुणाची केव्हा ते वहीत लिहायचं. मोटार जळाली तर खर्च निम्मा निम्मा. स्टार्टरच्या पेटीच्या दोन किल्ल्या. सही कुठे करायची यावर पुन्हा अडलं, कारण तात्या आमच्या घरी येणार नव्हते आणि आप्पा तात्यांच्या. कू आणि वांग तैपेईतही बसले नव्हते आणि बीजिंगमध्येही, ते सिंगापूरला गेले होते. आमचं सिंगापूर म्हणजे गावच्या विकास सोसायटीचं ऑफिस. तिथे दोघांनी सह्या केल्या. एकमेकांकडे पाहिलं नाही, पण एकाच पेनाने केल्या.

मी कुणाचा समेट केला असं अजिबात नाही. दावा चालूच आहे. मी फक्त एक कागद तयार होईपर्यंत दोन घरांमध्ये येत-जात राहिले, आणि तो कागद कसा असावा हे मला ज्यांनी शिकवलं त्यांना ते ठाऊकही नव्हतं. पाणी सुरू झालं त्या रात्री मी बाईंना पत्र लिहून सगळं कळवलं. कू यांना कळवायला उशीर झाला होता.

पुढे त्यांच्याविषयी वाचताना मला त्यांच्या कामाच्या मर्यादाही दिसल्या. सिंगापूरनंतरची मोठी बैठक १९९५ मध्ये बीजिंगला व्हायची होती. तैवानचे अध्यक्ष ली तेंग-ह्वी अमेरिकेतल्या आपल्या जुन्या विद्यापीठात भाषणाला गेले, चीन संतापला, बैठक रद्द झाली आणि बेटाजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रांच्या चाचण्या झाल्या. १९९८ मध्ये कू शांघायला आणि बीजिंगला जाऊन आले, चीनचे अध्यक्ष च्यांग झ-मिन यांना भेटले. १९९९ मध्ये वांग तैवानला यायचे होते, तेवढ्यात ली यांनी दोन्ही बाजूंचं नातं दोन देशांसारखं असल्याचं म्हटलं आणि तेही राहिलं. त्यानंतर ते दोघे भेटले नाहीत. कू जानेवारी २००५ मध्ये गेले, वांग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. मोठा प्रश्न त्यांच्या हयातीत तसूभरही हलला नाही. म्हणून त्यांचं काम वाया गेलं असं म्हणणारी माणसं मला तैवानमध्ये भेटली आहेत. मला ते पटत नाही. २०१६ नंतर दोन्ही संस्थांचं अधिकृत बोलणं पुन्हा थांबलं, पण दाखले ताडून पाहण्याचं काम चालू राहिलं. बोलणं बंद असतानाही वारसाचा कागद तपासला जातो, हे ज्याच्या घरात तो कागद लागतो त्याला विचारावं.

घराण्यातल्या मतभेदांविषयीही वाचलं. त्यांचे सावत्र भाऊ कू क्वांग-मिंग तैवानच्या स्वातंत्र्यासाठी झगडणारे, त्यासाठी जपानमध्ये परागंदा राहिलेले. एक भाऊ बीजिंगशी बोलणारा, दुसरा बीजिंगचा हक्कच न मानणारा. २००३ मध्ये कू चेन-फू आणि जेफ्री या काका-पुतण्यांनी उद्योगांची वाटणी केली, सिमेंट एकीकडे आणि बँक दुसरीकडे. त्या घरातही सगळं गोड नसणार. पण वाटणी झाली आणि दोन्ही उद्योग चालू राहिले, एवढं बाहेरून दिसतं. आमच्यासारख्या घरातल्या माणसाला तेवढंही पुष्कळ वाटतं.

विहिरीच्या कागदाचं दर वर्षी पाडव्याला नूतनीकरण होतं. गेल्या खेपेला आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना सोसायटीपर्यंत चालवेना, तेव्हा सही घ्यायला तात्यांनी आपल्या नातवाला आमच्या घरी पाठवलं. वही त्याच्याच हातात होती. सध्या बांधावरून ऊस काढायच्या गाडीवाटेचा विषय निघाला आहे. तात्या म्हणतात वाट आठ फूट हवी, आप्पा सहावर आहेत. वकिलांना पहिलं कलम तेच ठेवायला सांगितलंय. कोर्टाची पुढची तारीख जूनमध्ये आहे, त्याआधी वाटेचं ठरवायचं असं दोघांनीही कबूल केलं आहे.